बाहुली नॉर्वेहून आली, पुढे?

मंडळी, बाळंतपणातल्या तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण म्हटलं की परदेशी नावं ओघानंच येतात. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा, जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला कसं सावरायचं ते शिकवणारा अभ्यासक्रम अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2010 मध्ये आणला. सरावाची बाहुली नॉर्वेच्या लार्डाल कंपनीची. तिच्यात कोमट पाणी भरलं की हाताला थेट नवजात बाळासारखी जड, ढिली लागते. पण पुष्कळदा होतं काय, शिबिर संपलं की फोटो निघतात, बाहुली कपाटात जाते आणि किल्ली रजेवरच्या माणसाकडं!

बाळ रडलं नाही तर पुसायचं, पाठ चोळायची. तरीही श्वास नसेल तर जन्मापासून मिनिटाच्या आत ॲम्ब्यू बॅग, म्हणजे हातानं दाबून मास्कमधून हवा देणारा फुगा, सुरू. हा मिनिट जातो कुठं? उगाच सक्शन करण्यात, म्हणजे नाका-तोंडातला चिकटा ओढून काढण्यात, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर शोधण्यात. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते. मास्कनं हनुवटीचं टोक, तोंड आणि नाक झाकलं पाहिजे, डोळ्यांवर चढता कामा नये. श्वासांचा वेग मिनिटाला साधारण 40. छाती उचलली जात नसेल तर लगेच जोर लावू नका. आधी मास्क पुन्हा बसवा, मान नीट ठेवलीय का बघा, तोंडातला चिकटा काढा, तोंड किंचित उघडा. मग दाब वाढवा. वाचून भाकरी थापता येत नाही, तसंच हे. म्हणून वर्षातून तीन दिवसांच्या शिबिरापेक्षा लेबर रूममध्येच आठवड्याला दहा मिनिटं सराव केलेला बरा.

उत्तर प्रदेशातल्या 120 केंद्रांवर ‘बेटरबर्थ’ प्रयोग झाला, हार्वर्डच्या सहभागानं. बाळंतपणातल्या कामांची तपासणी सूची, आणि ती वापरायला शिकवणारा प्रशिक्षक काही केंद्रांत. प्रशिक्षक सोबत असताना, दोन महिन्यांनी, तपासणी सूचीतली सुमारे 73 टक्के कामं होत होती. प्रशिक्षक नसलेल्या केंद्रांत 42. प्रशिक्षक गेल्यावर चार महिन्यांनी ती 62 वर आली. बालमृत्यू मात्र दोन्हीकडं सारखेच राहिले. सूचीला खुणा झाल्या म्हणजे हातात कसब आलं असं नव्हे.

याउलट बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकारानं आफ्रिकेतल्या चार देशांत झालेला, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरचा ‘ई-मोटिव्ह’ प्रयोग बघा. निष्कर्ष 2023 मध्ये आले. बाईच्या खाली खुणांची प्लास्टिक पिशवी लावून अंगावरून गेलेलं रक्त मोजलं. एरवी निम्मेच रक्तस्राव ओळखू येत, मोजल्यावर 93 टक्के आले. ओळखलं की गर्भपिशवी चोळणं, ती आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, सलाईन आणि तपासणी, सगळं एकदम. एक उपाय फसायची वाट बघत बसायचं नाही. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम 60 टक्क्यांनी घटले. नजरेच्या अंदाजानं रक्त नेहमी कमीच दिसतं, चादरीत मुरलेलं तर दिसतच नाही.

आता आपल्याकडचं. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42 च्या वर, त्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. उष्णतेनं औषधाचा जोर उतरतो, ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, दिसायला तशीच. सिस्टर म्हणणार इंजेक्शन दिलं, गर्भपिशवी मात्र ढिलीच. म्हणून फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहा, आणि ड्यूटी सुरू होतानाच दिवसभराचे ॲम्प्यूल ट्रेमध्ये काढून ठेवायची सवय मोडा. बाळाचं डोकं दिसू लागलं की दोनच काढायचे.