आमरसाचे डाग

अध्यक्षबाई, मंडळाचे कार्यकर्ते आणि या उकाड्यात वेळ काढून आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘बक्षीस, शिक्षा आणि माणसाचं वागणं’. त्याकडे जाण्याआधी एक विचारते. घरी फ्रीजवर चांदण्यांचा तक्ता कोणाकोणाकडे आहे? दात घासले की एक चांदणी, दूध संपवलं की एक, तोच तो. हात वर करा पाहू. बरेच आहेत की! मागच्या रांगेत एका आजोबांचाही हात वर आहे. आजोबा, चांदण्या नातवाला मिळतात की तुम्हाला, ते नंतर चहाच्या वेळी सांगा.

मीही हे केलंय, म्हणून तर बोलायला उभी राहिले. 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि घरच्या हॉलमध्ये मुलांसाठी वाचनालय काढलं. एक लोखंडी मांडणी, तीनेकशे पुस्तकं, एक लांबट रजिस्टर. तीन वर्षं छान चाललं. मग एका मे महिन्यात वाटलं, मुलांना जरा हुरूप येऊ दे. दारावर कागद चिकटवला: सुट्टीत 20 पुस्तकं वाचणाऱ्याला कंपासपेटी.

पहिला आठवडा मी हरखून गेले होते. मुलं दिवसातून दोनदा यायची, रजिस्टरची पानं भराभर भरायची. मग लक्षात आलं की जाड पुस्तकं जागची हलत नाहीयेत. मुलं पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडत होती, पानं किती ते बघायला. ‘काकू, सोळा पानांचं अजून आहे का?’

आणि दुसरी गोष्ट, जी मला अजून डाचते. एरवी मे महिन्यात पुस्तकं परत यायची ती आमरसाचे डाग घेऊन. कुठे कोपरा दुमडलेला, कुठे पानांत चिंचोका, कुठे शेवेचा तुकडा. मी ओरडायची त्यावर. त्या वर्षी पुस्तकं अगदी कोरी परत आली. जेवताना पुस्तक घेऊन बसायला कोणी तयार नव्हतं, कारण पुस्तक घरात रात्रभर राहतच नव्हतं.

एक मुलगा होता, चौथीतला. पक्ष्यांचं एक पुस्तक त्याने आधी पाच वेळा नेलेलं. रजिस्टरमध्ये एकाच नावापुढे एकच क्रमांक पाच वेळा. स्पर्धेच्या दिवसांत त्याने ते पुन्हा उचललं आणि विचारलं, ‘काकू, परत वाचलेलं धरणार का?’ मी नाही म्हणाले. नियम म्हणजे नियम. त्याने ते जागच्या जागी ठेवलं आणि शेजारचं पातळ पुस्तक घेतलं. कंपासपेटी मिळाली त्याला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तो आलाच नाही.

हे माझ्या एकटीच्या हॉलमधलं नाही, हे मला पुढे वाचताना कळलं. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेनं वर्गात नुसती ठेवली. कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांवर घालवला. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. म्हणजे घात प्रशस्तिपत्राने केला नाही, आधी केलेल्या सौद्याने केला.

आता दंड. वाचनालयात उशीर झाला की दिवसाला एक रुपया, हाही माझाच नियम. तोवर उशीर झाला की मुलं दारातच घुटमळायची, मान खाली. नियम लावल्यावर एक पोरगी ताठ उभी राहून म्हणाली, ‘काकू, हे दोन रुपये, पुस्तक परवा आणते.’ तिचं काय चुकलं? मीच दर लावला होता, तिने तो चुकता केला. इस्रायलमधल्या हैफा शहरात 10 पाळणाघरांत हेच मोजून पाहिलेलं आहे. मुलांना न्यायला पालक उशिरा येतात म्हणून त्यांतल्या 6 ठिकाणी तिथल्या चलनात 10 शेकेल दंड लावला. उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले. पुढे दंड उठवला, तरी आकडा खाली आला नाही. बाई खोळंबल्या असतील ही जी टोचणी होती, ती एकदा गेली ती गेलीच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. खरा विषय आता भराभर सांगते.

बक्षीस आणि शिक्षा चालत नाहीत, असं मी म्हणत नाही. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेटीतल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की ज्या कृतीनंतर सुख मिळतं ती टिकते, आणि ते खरंच आहे. ज्या कामात मुळात गोडीच नाही, तिथे खुशाल बक्षीस लावा. आवडीच्या कामाला लावू नका. शिक्षेचं म्हणाल तर मूल त्यातून पहिलं शिकतं ते सापडायचं कसं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शाळेत मारण्याला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. हे सभागृहातल्या शिक्षकांना मी हात जोडून सांगते.

आणि इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ मॉन्टेसोरीबाईंची एक आठवण. रोमच्या त्यांच्या बालगृहात एका मुलाला बक्षीस म्हणून पदक घातलं होतं, दुसऱ्याला शिक्षा म्हणून मधोमध खुर्चीत बसवलं होतं. पहिला कामात इतका गुंग की त्याचं पदक खाली पडलं. खुर्चीतल्याने ते उचलून विचारलं, मी घालू? पहिला म्हणाला, घाल की. त्याला कामाकडे परतायची घाई होती. हा विचार आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला, आणि तरी आपण अजून चांदण्या चिकटवतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

घंटा झाली. दारावरचा तो कागद मी त्याच जूनमध्ये काढला, पाठोपाठ दंडही. चिकटपट्टीच्या खुणा अजून आहेत. पक्ष्यांचं पुस्तक मांडणीत खालून दुसऱ्या फळीवर आहे. वाचनालय रोज पाच ते सात उघडं असतं, मुलांना पाठवा. आमरसाचे डाग चालतात.