केरडा: काळ्या मातीत वाळवंटाचं झुडूप

मंडळी, बडोद्यात केरडा तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरतो. संस्कृतात करीर, मराठीत नेपती, मारवाडात कैर म्हणतात ते हे झुडूप, कच्छ-थरकडच्या रेताड जमिनीला सरावलेलं. कोवळ्या फुटीवर चार दिवस बारीक पानं दिसतात, तेवढीच. पुढे पानांचं काम हिरव्या काटेरी फांद्या करतात, आणि त्याच बोडक्या फांद्यांवर फाल्गुन-चैत्रात विटकरी लाल फुलं लागतात.

आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. म्हणून दोन फूट उंच ढिगावर लावा: तीन भाग भरड वाळू, एक भाग माती. बी पिकलेल्या लाल फळातलं घ्यावं, गर धुऊन लगेच पेरावं. जुन्या बियांची उगवण झपाट्यानं घटते. पिशवी निदान फूटभर खोल हवी, कारण सोटमूळ आधी खाली धावतं. ते वळलं किंवा तुटलं की रोप वर्षानुवर्षं खुरटं राहतं. जुन्या झुडपाच्या मुळांतून फुटलेले फुटवे मिळाले तर ते बियांपेक्षा सोपे. फळांची घाई मात्र करू नका, हे झुडूप हळू वाढतं.

आता स्वयंपाकघर. फळं वाटाण्याएवढी असतानाच तोडावीत, मोठी झाली की आतलं बी टणक होतं. कच्चा केरडा कडू-तिखट लागतो. मोहरीला झणका देणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांच्याच कुळातलं द्रव्य त्यातही आहे. देठ काढून एक किलो केरडे एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम मीठ विरघळवून बुडवा, वर बशी दाबून ठेवा. रोज चव बघा, दोन दिवसांआड पाणी बदला. पाच ते सात दिवसांत हिरवा रंग पिवळट होतो आणि कडूपणा उतरतो. पृष्ठभागावर पांढरा पापुद्रा आला तर काढून टाका. केरडे बुळबुळीत झाले किंवा घाण वास आला तर सगळंच फेका. उकळून घाई केली तर केरडा मऊ पडतो आणि लोणच्याची मजा जाते.

मग कापडावर सावलीत पूर्ण कोरडे करा. अर्धा किलो कैरीचा कीस, मीठ, हळद, मोहरीची आणि मेथीची डाळ मिसळा. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओता, केरड्यांच्या वर बोटभर राहील इतकं. बुरशी येते ती बहुधा इथेच, ओलसर केरड्यांमुळे किंवा कमी तेलामुळे.

औषधाचं थोडक्यात. आयुर्वेदात करीर उष्ण, कफ-वातशामक मानला आहे. मूळव्याध आणि सूज यांवर सांगितला आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं रक्तातली साखर उतरलेली दिसते, पण तेवढ्यावर मधुमेहाची गोळी बंद करणं हा वेडेपणा. आणि रक्तदाब असलेल्यांनी लोणच्याला औषध समजून वाटीभर खाऊ नये, त्यात मीठच जास्त आहे. गर्भारपणी वैद्यांना विचारल्याशिवाय चूर्ण घेऊ नये.