रोजगारातला ‘रोज’

मित्रहो, आयोजकांनी या व्याख्यानासाठी ‘एम्प्लॉयमेंट म्हणजे काय’ असा विषय सुचवला होता. मी तो ‘रोजगार’ असा बदलून घेतला, कारण त्या इंग्रजी शब्दाचे मराठीत येताना इतके तुकडे होतात की नेमका कोणता तुकडा आपण हातात घेतला आहे, हे आधी सांगावे लागते. नोकरी, चाकरी, काम, धंदा, मजुरी, सेवा असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकाचे क्रियापद वेगळे आहे. नोकरी ‘लागते’, जणू तिच्यात आपला हात फारसा नसतोच, धंदा ‘चालतो’ किंवा ‘बसतो’, काम ‘मिळते’. रोजगार मात्र ‘बुडतो’. ‘तालुक्याला एक दाखला आणायला गेलो आणि आजचा रोजगार बुडाला’, असे मजूर म्हणतो, तेव्हा त्याची नोकरी गेलेली नसते, एक दिवस गेलेला असतो.

हा दिवस त्या शब्दाच्या पोटातच आहे. फारसीत ‘रोज’ म्हणजे दिवस, आणि ‘रोजगार’ म्हणजे काळ, जमाना. आपल्याकडे येता येता काळाचा अर्थ गळाला आणि पोट भरण्याचे साधन एवढाच अर्थ उरला. तरी बोलीने मूळ सोडलेले नाही. रोजंदारी हा शब्द आहेच, शिवाय ‘ती रोजाने जाते’ किंवा ‘यंदा खुरपणीचा रोज काय चालू आहे?’ या वाक्यांत ‘रोज’ म्हणजे सरळ एका दिवसाची मजुरी. शहरातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहून पाहा. घमेले आणि डबा घेऊन बसलेल्या बायका घड्याळाकडे नव्हे, थांबणाऱ्या टेम्पोकडे पाहत असतात आणि दहा वाजले की ‘आजचा रोज गेला’ म्हणून उठतात.

सरकारी मराठीने हा शब्द उचलला, तेव्हा त्याला एक नवा सोबती दिला, तो म्हणजे ‘हमी’. 1972 च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. तिच्यामागचा विचार विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा होता. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. जो दिवस बुडू शकतो त्याचीच हमी देणे, ही भाषेच्या अंगाने पाहिले तर मोठी धाडसी शब्दजोडणी होती, आणि ‘मागेल त्याला काम’ या चार-दोन अक्षरांत काम मागण्याची गोष्ट उपकारातून काढून हक्कात आणून ठेवली होती. 2005 च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. तेथेही मोजमाप दिवसांचेच राहिले, हे लक्षात घ्या.

आकडेवारीच्या भाषेत मात्र दिवसही उरत नाही. देशाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात चालू साप्ताहिक स्थितीची जी व्याख्या वापरतात, तिच्यानुसार मागच्या 7 दिवसांत निदान एका दिवशी निदान एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. या व्याख्येची थट्टा करणे सोपे आहे, पण ती काम झाले की नाही एवढेच मोजते, पोट भरले की नाही हे मोजत नाही. तिचे उत्तर आपण दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवतो, हा दोष आपला. उलट बाजूही पाहा. दोन म्हशींची धार काढून, दूध डेअरीवर घालून आलेल्या बाईला ‘आपण काय करता?’ असे विचारले, तर ती ‘काही नाही, घरीच असते’ म्हणते. विक्रीसाठी केलेले हे काम व्याख्येत बसते, पण तिच्या स्वतःच्या मराठीत ते ‘काम’ या शब्दात बसत नाही. प्रगणकाने पुढचा प्रश्न नेटाने विचारला नाही, तर ती आकड्यांतूनही गळते.

शेवटी, ‘नोकर’ या शब्दाविषयी. तो फारसीतून आपल्याकडे आला, पण त्याचे मूळ मंगोल भाषेत सापडते, आणि तेथे त्याचा अर्थ होता साथीदार, सरदाराचा सोबती. सोबत्याचा हुकमाचा ताबेदार व्हायला काही शतके लागली. आज घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाला कंपनी नोकर म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते, कारण नोकर म्हटले की भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली, नोटीस आली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही अशा कामगारांची व्याख्या पारंपरिक मालक–नोकर नात्याच्या बाहेर काम करून कमावणारे, अशीच केली आहे. शब्द फिरून साथीदारावर आला खरा. पण पावसात गाडी बंद पडली, तर या भागीदाराचा त्या दिवसाचा रोज एकट्याचाच बुडतो.