फ्री थ्रोच्या रेषेवरची पुटपुट

नमस्कार श्रोतेहो.

१ जून १९९७. शिकागो. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या अंतिम मालिकेतला पहिलाच सामना. शिकागो बुल्स आणि युटा जॅझ यांची ८२-८२ अशी बरोबरी, घड्याळात ९.२ सेकंद. रेषेवर युटाचा कार्ल मलोन, त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकी, अडवायला कुणी नाही. मलोनचं टोपणनाव 'मेलमन', म्हणजे आपला पोस्टमन. बुल्सचा स्कॉटी पिपेन जवळून जाता जाता म्हणाला, 'पोस्टमन रविवारी टपाल वाटत नाही!' वार खरंच रविवार होता. दोन्ही थ्रो हुकले. उरलेल्या सेकंदांत मायकल जॉर्डनने बास्केट केली, सामना बुल्सचा.

आता गंमत बघा. फ्री थ्रोआधी स्वतःशी पुटपुटणारा म्हणून मलोनच प्रसिद्ध होता. पहिल्या हंगामात शंभरातले जेमतेम ४८ टाकणारा हा गडी तिसऱ्या हंगामात सत्तरीला पोचला होता; त्यात घामाचा वाटा मोठा, हे वेगळं सांगायला नको. तरी त्या रविवारी पुटपुट कामी आली नाही. म्हणून पोरांना मी आधीच सांगतो, हा काही मंत्र नाही. मग करायचं कशाला? कारण डोकं गप्प बसत नाही. त्याला आपण शब्द दिला नाही, तर दुसरा कुणीतरी देतो.

आमच्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आहे. सरावात दहातले आठ आरामात टाकते. सामन्यात रेषेवर आली की चेंडू जर्सीला पुसत राहते, खांदे कानाला टेकतात. आम्ही बाकावरून ओरडतो, 'टेन्शन घेऊ नकोस!' नसलेलं टेन्शन त्यानेच येतं. (मीही ओरडलोय, कबूल.) एकदा विचारलं, मनात काय चालतं गं? म्हणाली, 'चुकवायचा नाही, चुकवायचा नाही.' म्हणजे जप चुकण्याचाच.

स्वतःशी बोलणं दोन तऱ्हांचं असतं. एक धीर देणारं: पाय भरून आलेत, बचावाला परत पळायचंय, तेव्हा 'चल, अजून एक' चालतं. दुसरं काम सांगणारं, आणि फ्री थ्रोसारख्या नेमक्या कामाला तेच बरं: 'गुडघे, कोपर, सोड.' 'मीच भारी' वगैरे मला रेषेवर पटत नाही. छाती धडधडत असताना मन लगेच विचारतं, कशावरून? आणि वाद घालायला वेळ कुठाय? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे रेफरीने चेंडू दिला की ५ सेकंदांत टाकावा लागतो. दोन-तीन शब्द मावतात, बस.

काहींना 'मी'पेक्षा स्वतःला नावाने हाक मारलेली मानवते. मैत्रिणीला समजवावं तसं जरा लांबून बोलता येतं. पण शब्द कुठलेही असोत, ते दम लागलेला असताना घोटायला हवेत. आम्ही कोर्टाच्या चार फेऱ्या पळवतो आणि धापा टाकतच रेषेवर उभं करतो.

त्या मुलीने आपले शब्द स्वतःच ठरवले. काय म्हणतेस, विचारलं तर म्हणे, 'सर, ते सांगायचं नसतं.' परवाच्या सामन्यात पहिला थ्रो रिंगवर नाचून बाहेर पडला. बाक चिडीचूप. तिने चेंडू जर्सीला पुसला नाही. दोनदा आपटला, ओठ हलले, आणि दुसरा टाकला.

नमस्कार.