रूमचं दार लावून बसलेल्यांसाठी: गटातली सीबीटी

नमस्कार. सांगलीच्या विश्रामबागेत रूम करून राहणाऱ्या आणि मेसचा डबा न उघडताच परत धाडणाऱ्या मुलामुलींसाठी हा व्हिडिओ. विषय आहे गटातली सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी: आपले विचार आणि वागणं तपासून मन सावरायचा, बोलण्यातून होणारा उपचार.

समजा, तासगावकडचा एक मुलगा आहे. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, दोन विषय राहिलेत. घरचा फोन तो उचलत नाही, कारण डोक्यात एकच वाक्य फिरतंय: 'वडिलांनी बागेवर कर्ज काढलं आणि मी पैसे पाण्यात घातले.' त्या वाक्यानं अंथरुणातून उठवत नाही, लेक्चर बुडतं, आणि लेक्चर बुडलं की ते वाक्य जास्तच खरं वाटतं.

डॉ. आरन बेक यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत नैराश्याच्या रुग्णांमधले असे आपोआप उमटणारे विचार हेरले आणि त्यावर सीबीटी उभी केली. विचार कागदावर उतरवायचा, पुरावा तपासायचा.

गटात हेच सहा ते दहा जण मिळून करतात. आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास, साधारण ८ ते १२ आठवडे. सोबत प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ.

आता बघा काय होतं. मुलगा कागद वाचतो. समोरची जतची मुलगी म्हणते, "माझेपण दोन राहिलेत." मॅडम त्याला विचारतात, "मग हिनंपण घरच्यांचे पैसे पाण्यात घातले का?" तो पटकन म्हणतो, "छे! ती तर अजून प्रयत्न करतीय की!" आणि थांबतो. स्वतःला जे कधीच म्हणाला नसता, ते तिच्यासाठी सहज बोलून गेला. गटाची खरी ताकद मला इथंच दिसते.

मग गृहपाठ. इच्छा होईपर्यंत थांबायचं नाही. 'गुरुवारी सहाला गणपती मंदिरापर्यंत चालत जाणे, येताना भडंग घेणे.' इतकंच लिहायचं. जमलं नाही तर तेही पुढच्या वेळी सांगायचं.

"सांगली केवढी? गावभर होईल!" ही भीती रास्त आहे. म्हणून पहिल्याच दिवशी ठरतं: खोलीतलं बोलणं खोलीतच.

दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी तपासून घ्या. त्रास तीव्र असेल तर गट पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि गरज पडल्यास औषधं लागतात. आणि जगूच नये असं वाटत असेल, तर हा व्हिडिओ इथंच थांबवा आणि १४४१६ लावा. ही टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांनी उद्या कॉलेजच्या समुपदेशकांना विचारा, "सर, असा गट सुरू कराल का?" सहा जण तुमच्या होस्टेलच्या एकाच मजल्यावर निघतील.