एम. आर. जेम्स पहिल्यांदा वाचताय? मोठ्यानं वाचा

एम. आर. जेम्स यांच्या भयकथा पहिल्यांदाच उघडणार असाल, तर माझी एक विनंती आहे. मनातल्या मनात वाचू नका. तोंडानं वाचा, मोठ्यानं.

मी तसं केलं नव्हतं. एका बैठकीत चार कथा संपवल्या आणि पुस्तक मिटून ठेवलं. जुनी चर्चं, हस्तलिखितं, लॅटिन ओळी, कुणीतरी अभ्यासक कुठल्याशा गावी निघालाय... यात भीती कुठंय? ती होती. एखाद्या वाक्यात येऊन गेली होती, आणि माझी नजर नेमकी त्याच वाक्यावरून घसरली होती.

जेम्स मुळात संशोधक. जन्म १८६२चा. मध्ययुगीन हस्तलिखितं हा त्यांचा विषय. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे ते प्रमुख झाले, पुढे ईटन या इंग्लंडमधल्या जुन्या शाळेचे. नाताळात मित्र जमायचे आणि मेणबत्तीच्या उजेडात जेम्स नवी कथा वाचून दाखवायचे. पहिला संग्रह आला १९०४ साली. म्हणजे या कथा आधी कानांसाठी आहेत. वाचताना जी सुरुवात रेंगाळलेली वाटते, तीच ऐकताना आपल्याला खोलीत आणून बसवते.

सुरुवात कुठून करायची? माझं मत ठाम आहे: 'ओ, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड'.

पार्किन्स नावाचा एक प्राध्यापक समुद्रकाठी सुट्टीवर येतो. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. खानावळीतल्या त्याच्या खोलीत दोन पलंग आहेत. हे दोन पलंग लक्षात ठेवा! जुन्या अवशेषांत त्याला काशाची एक शिट्टी सापडते. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय: 'हा येतोय तो कोण?' त्याला अर्थ लागतो. आणि तरी तो ती वाजवतो.

पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. पण सकाळी मोलकरीण येऊन दुसऱ्या पलंगाबद्दल विचारते, तिथं वाचनाचा वेग कमी करा. अगदी घरगुती, साधा प्रश्न आहे. मोठ्यानं वाचताना माझा आवाज तिथंच अडखळला. किंकाळी नाही, रक्त नाही, नुसती विस्कटलेली चादर.

१९२४ साली जेम्स यांनी स्वतःच लिहिलं होतं की भुताच्या गोष्टीला दोन गोष्टी फार मोलाच्या: वातावरण, आणि नीट सांभाळून चढवत नेलेला सूर. सूर म्हटलं की आवाज आलाच ना!

दुसऱ्या रात्री 'काउंट मॅग्नस' घ्या. एका रात्री एकच. त्यात एक शवपेटी आहे, तिला तीन कुलपं. ती मोजत राहा.