वयात येणारी मुले : स्वभाव आणि वर्तन

श्रोतेहो, नमस्कार. वयात येणारा मुलगा उलट उत्तरे देऊ लागला, शाळा बुडवू लागला किंवा मारामारीत सापडला, की 'संगत वाईट लागली' असे म्हणून आपण मोकळे होतो. संगतीचा वाटा असतोच. परंतु त्याच टोळक्यात बसणारी सगळी मुले सारखी वागत नाहीत, आणि या फरकामागे पुष्कळदा मुलाचा स्वभाव असतो.

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात बारा-तेरा वर्षांच्या मुलग्यांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. आयांनी केलेल्या वर्णनांवरून मुलांचा स्वभाव जोखला गेला. गंभीर गैरकृत्ये करणाऱ्या मुलांमध्ये इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि नेटाने, शिस्तीने काम करण्याची सवय कमी, तर बहिर्मुखता अधिक आढळली. मनातल्या मनात कुढणाऱ्या मुलांमध्ये मात्र चटकन अस्वस्थ होण्याकडे कल अधिक होता.

या दुसऱ्या गटाबद्दल मला अधिक काळजी वाटते. चाचणी परीक्षेच्या दिवशी सकाळी जिचे पोट दुखू लागते, आदल्या रात्री जिला घास गिळवत नाही, ती मुलगी वर्गात कोणालाच त्रास देत नाही. म्हणून तिच्याबद्दल शाळेतून घरी चिठ्ठी येत नाही, उलट 'किती गुणी आहे' असे तिचे कौतुकच होते.

स्वभाव हा दोष नव्हे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधील मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला आणि असे मांडले, की मुलाचा पिंड व त्याच्याकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा यांचा मेळ बसला नाही, तर अडचणी वाढतात. म्हणूनच एकाच घरातील दोन भावंडांना एकच मात्रा लागू पडत नाही. उतावळ्या मुलाला तासभर सुनावण्यापेक्षा मोजके, ठाम नियम आणि त्यांची त्याच दिवशी अंमलबजावणी अधिक उपयोगी पडते. भित्र्या मुलावर आवाज चढवला, तर ते चूक कबूल करण्याऐवजी लपवायला शिकते.

वागण्यातील बदल आठवडेच्या आठवडे टिकला, झोप, जेवण किंवा अभ्यास कोलमडला, तर समुपदेशकाची भेट अवश्य घ्यावी. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे दिवसरात्र केव्हाही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.